शेठच्या कोपऱ्यातल्या पिशव्या

१

सोमवारी सकाळी पेठेत आले तर सुवालाल शेठच्या दुकानाचं शटर खाली होतं आणि त्यावर कागद डकवलेला होता. 'दुकान कायमचे बंद केले आहे. आजवरच्या लोभाबद्दल आभारी आहोत.' अक्षर शेठचंच, ओळ जराही वर-खाली न गेलेली. माझं शिलाई मशीन एरवी रात्री दुकानात असतं, ते ओट्यावर आणून ठेवलं होतं. वर मेणकापड, त्यावर सुतळी, आणि बॉबिनची डबी वेगळ्या कागदात गुंडाळून पायडलला बांधलेली.

रडू येईल असं वाटलं होतं. रडू नाही आलं, लाज आली. का आली ते मला त्या वेळी धड सांगता आलं नसतं, पण मी इकडेतिकडे बघून घेतलं, कुणी मला तो कागद वाचताना बघत तर नाही ना म्हणून.

आळ्याच्या पेठेत आता दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही. रहदारी सगळी फाट्यावर गेली आणि एकेक दुकान तिच्या मागं गेलं. भांडीवाले गेले, फोटो स्टुडिओ गेला, दागिने ओवून देणारा पटवेकरी गेल्या दिवाळीत गेला. राहिलं होतं शेठचं 'सुमती वस्त्रभांडार', आणि त्याच्या ओट्यावर मी, रुपाली, ब्लाउज शिवणारी. एकोणीस वर्षं झाली.

पंचक्रोशीतल्या लग्नांचा बस्ता शेठकडेच बांधला जायचा. सगळं वऱ्हाड गादीवर बसून साड्या, टॉवेल-टोप्या निवडणार आणि शेठ प्रत्येक गठ्ठ्याबरोबर दुकानाचं नाव छापलेली पिवळी कापडी पिशवी देणार. त्यामुळे घरोघरी तीच पिशवी. बाजाराच्या दिवशी बाया अर्धी खरेदी झाली की ती पिशवी शेठच्या दुकानातल्या कोपऱ्यात ठेवायच्या आणि मोकळ्या हातानं बाजार फिरायच्या. "शेठ, पिशवी ठिवली हं!" "ठेवा." संपलं. पावती नाही, नंबर नाही. सगळ्या पिशव्या सारख्या म्हणून मी माझ्या उरलेल्या कापडांतली एकेक पट्टी प्रत्येकीच्या बंदाला बांधून दिली होती. कुणाची कोणती पट्टी ते मला झोपेतही सांगता येईल.

दहा दिवसांपूर्वीच्या बाजारात त्या कोपऱ्यातून कोळवाडीच्या साळुबाईंची पिशवी गेली. पिशवीत त्यांची सोन्याची बोरमाळ होती. साळुबाई ओट्यावर बसून रडल्या, चौकातली माणसं जमली, कुणीतरी ग्रुपवर टाकलं, 'शेठच्या दुकानातून बोरमाळ गेली.' चोरीला गेली असंही लिहिलं नव्हतं. शेठना कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. आमची माणसं तशी फार सभ्य.

फक्त पुढच्या बाजाराला कोपऱ्यात एकही पिशवी आली नाही. बाया ओझी घेऊन दुकानावरून गेल्या, नमस्कार करून गेल्या. शेठ दिवसभर गादीवर बसून त्या मोकळ्या कोपऱ्याकडे बघत होते. माझा डबा मी त्या दिवशी मशीनलाच अडकवला होता, हाताशी असलेला बरा म्हणून. त्यानंतर तिसऱ्या दिवशी हा कागद.

शेठचा मुलगा पीयूष पुण्याहून आला होता. तो मागच्या दारानं बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चार वाजता टेम्पो येतोय. तुमचं मशीन आत राहायला नको म्हणून पप्पांनी काढून ठेवलंय."

मला गावात थोडंफार नाव आहे. लंकाबाईच्या वाळत घातलेल्या साड्या जात होत्या तेव्हा चोर मी शोधला होता, साडीच्या फॉलवरच्या टाक्यावरून. पण ही माळ गेली तेव्हा मी बोटसुद्धा हलवलं नव्हतं. म्हटलं, आपण ज्यांच्या ओट्यावर बसतो त्यांच्याच दुकानात काय नाक खुपसायचं? खरं कारण वेगळं होतं. काय सापडेल याची मला भीती वाटत होती.

आता मात्र शेठ चार वाजता आळ्यातून जाणार होते, आणि चोर म्हणून जाणार होते. सव्वानऊ झाले होते. मी स्कूटी काढली.

२

साळुबाई अंगणात कांद्याची पात निवडत होत्या. मला बघून त्यांनी पाट सरकवला.

"बंद केलं म्हणं शेठनं?" त्यांनीच विचारलं.

"चार वाजता निघालेत. मावशी, त्या दिवशीचं सगळं सांगा मला. पहिल्यापासून."

"काय सांगू, रुपा? माळंचा गोफ कुजलावता. पोकळ मणी, आत लाख, एक पडला तर गावायचा न्हाई. म्हणून ववून घ्यायला आणली. तर पटवेकऱ्याच्या दाराला कुलूप. फाट्यावर गेला म्हणं तो, मला कुठं ठावं? मग ब्लाउजपिसात गुंडाळून पिशवीत तळाला ठिवली, वर मेथीच्या दोन जुड्या घातल्या. आन् कोपऱ्यात ठिवून बाजारात गेले."

"आत माळ आहे हे कुणाला सांगितलंत?"

"कुणाला बी न्हाई. शेठला बी न्हाई. तीच चूक झाली बघ. सांगितलं असतं तर त्यानं गल्ल्यापाशी ठिवली असती."

त्या दिवशी पाचच्या सुमारास मोबाइलवर आलं होतं की कोळवाडीच्या उसात बिबट्या दिसलाय, दोन पिल्लांसकट. मग काय, जीपवाले ओरडायला लागले आणि सगळ्या बाया एकदम दुकानात घुसल्या. पाच मिनिटांत कोपरा रिकामा झाला. मी त्या वेळी पडद्यामागे एका नवरीचं माप घेत होते, मला फक्त गलका ऐकू आला. साळुबाई मागाहून पोचल्या.

"मावशी, त्या गडबडीत कुणी चुकून नेली असंल तुमची. पिशव्या सगळ्या सारख्याच."

साळुबाईंनी हातातली पात खाली ठेवली. "मला काय येवढं बी कळत न्हाई व्हय? चुकून माझी नेली, तर तिची मागं ऱ्हायला नको का? कोपरा साफ रिकामा व्हता. एक बी पिशवी न्हवती."

गावानं अदलाबदलीचा विचार तिथेच सोडला होता, आणि मीही. अदलाबदल झाली तर एक पिशवी उरायला हवी. उरली नाही म्हणजे कुणीतरी मुद्दाम उचलली.

"तुमची पट्टी गर्द हिरवी, नाही का?"

"तूच बांधलीस की. मोरपिशी परकराची उरलेली." मग त्या हळूच म्हणाल्या, "रुपा, मी शेठचं नाव घेतलं न्हाई हां. देवाशपथ. लोकांनी घेतलं."

"लोकांनी तरी कुठं घेतलं, मावशी?" मी म्हटलं आणि उठले.

निघताना त्यांनी मागून हाक मारली. "त्या फाट्यावरच्या दादाभाऊला इचार. त्या दिशी तो शेठच्या गादीवर बसलावता. त्याला काय काम व्हतं तितं?"

३

दादाभाऊंचं कापडाचं दुकान फाट्यावर आहे. काचेचा दर्शनी भाग, त्यात साडी नेसवलेल्या पाच बाहुल्या, आत थंडगार. आमच्या पेठेतली अर्धी गिऱ्हाइकं या काचेतून आत गेली. मीही एकदा भाचीच्या लग्नाला इथूनच साडी घेतली होती आणि शेठना दिसू नये म्हणून पिशवी उलटी करून नेली होती. ते मी आत शिरताना आठवत होते.

"या वहिनी. चहा सांगू?" दादाभाऊ उठून उभे राहिले.

"चहा नको. त्या बाजारी तुम्ही शेठकडं का आलावता?"

"आत्ता! म्हणजे माळ मी चोरली?" ते हसले. मी हसले नाही तसे गंभीर झाले. "जागा मागायला गेलो व्हतो. गोडाऊन करायला. दुकान चालत न्हाई, पोरगा पुण्यात, कशाला बसायचं? तिसऱ्यांदा विचारलं मी."

"मग?"

"न्हाई म्हणला. कारण ऐका. म्हणला, दादाभाऊ, जागा दिली तर बायांनी पिशव्या कुठं ठेवायच्या? आता याला काय म्हणायचं, वहिनी? कापडासाठी न्हाई, पिशव्यांसाठी दुकान चालू ठेवलं म्हातारबानं."

मी खाली बघितलं. काउंटरच्या काचेत माझंच तोंड दिसत होतं, म्हणून दुसरीकडे बघितलं.

ज्या माणसाला जागा हवी आहे आणि मालक फक्त पिशव्यांमुळे अडला आहे, त्यानं पिशव्या येणं बंद होईल अशी युक्ती करणं अगदीच अवघड नाही. मी तसं तोंडावर बोलून दाखवलं.

"डोकं हाय तुमाला," दादाभाऊ रागावले नाहीत. "पण मी एकच्या टायमाला गेलो न् दोनला निघालो. तुमीच बघितलं मला. तुमी पिशवी घिऊन घरी निघालावता, मी रामराम घातला, आठवतंय का? पाच वाजता मी हितं व्हतो. हितल्या चार पोरींना विचारा, बिबट्याचा मेसेज मीच वाचून दाखवला."

"एकला पण पिशवी उचलता आली असती."

"आन् नेली कशात? मोटरसायकलला अडकवून, सगळ्या पेठेतनं, पिवळी पिशवी? मी? माझ्या दुकानाच्या पिशव्या निळ्या हायेत, वहिनी. सुवालाल शेठची पिशवी माझ्या हातात दिसली असती तर पेठेत सात जणांनी थांबवलं असतं."

ते खरं होतं. बाजाराच्या दिवशी पुरुषाच्या हातात ती पिशवी कुणीही बघितली असती. नेणारी बाई होती, आणि इतकी नेहमीची की कुणाला काही वेगळं दिसलंच नाही.

"खरं सांगू का?" दादाभाऊ दारापर्यंत आले. "शेठला काढायचं कुणाला व्हतं, तर पोराला. सात वरसं मागं लागलाय बापाच्या."

घड्याळात बारा वाजून गेले होते.

४

दुकानात मागच्या दारानं गेले. कपाटं उघडी, फळ्या रिकाम्या, जमिनीवर गठ्ठे. पीयूष खोक्यांना सुतळी बांधत होता. गादी उचललेली होती आणि नुसत्या फळीवर सुवालाल शेठ टोपी मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवल्यासारखं केलं आणि गठ्ठ्यांच्या आडून सरळ पीयूषकडे गेले.

"पीयूष, राग मानू नको. त्या बाजारी तू पुण्याहून आला होतास, इथंच होतास."

"होतो." त्यानं गाठ मारली. "विचारा. मी माळ घेतली का? घेतली असती तर बरं झालं असतं, निदान कुणीतरी घेतली हे नक्की झालं असतं."

"शेठनी दुकान बंद करावं असं तुला वाटत होतं."

"वाटत होतं. सात वर्षं समजावतोय. मम्मीचे गुडघे गेलेत, मुलं आजोबांना ओळखत नाहीत. एकदा नीलमनं, माझ्या बायकोनं, इथं येऊन हात जोडले. नाही आले. तुम्ही लोकांनी एका बाजारात हलवलंत." तो ताठ उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते. "मला त्यांना न्यायचं होतं, रुपालीताई. असं नव्हतं न्यायचं."

मी उगीच एका खोक्याचं झाकण नीट केलं.

"आणि हे असे," त्यानं वडिलांकडे हात केला, आवाज खाली आणला. "रोज रात्री फोनवर एकच. रुपालीताई बयाबाईंच्या डोळ्याबद्दल काही बोलतच नाहीत. मी म्हणतो, पप्पा, गाव तुम्हाला चोर समजतंय आणि तुम्हाला कुणाच्या मोतीबिंदूचं पडलंय?"

बयाबाई माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

शेठनी मलाही विचारलं होतं. माळ गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी: "बयाबाईंचा डोळा कसा आहे?" आणि दोन दिवसांनी पुन्हा. मला वाटलं, विषय टाळायला काहीतरी बोलतायत. दोन्ही वेळा मी "बरा आहे" म्हटलं आणि मशीन चालू केलं. मशीनच्या आवाजात कुणाला पुढं बोलता येत नाही.

डोळ्याचं काय? ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता, उन्हात काढायचा नाही म्हणून बजावलं होतं. आत्याबाई तो चष्मा लावूनच बाजारात आल्या होत्या. सकाळी मेथी घेऊन, पिशवी कोपऱ्यात ठेवून, गप्पा मारायला लंकाबाईकडे गेल्या होत्या.

त्यांच्या पिशवीची पट्टी गर्द जांभळी. काळ्या चष्म्यातून गर्द हिरवी आणि गर्द जांभळी, दोन्ही काळीच.

मग त्यांची स्वतःची पिशवी कोपऱ्यात उरायला हवी होती. का उरली नाही? कोणी नेली?

'पिशवी घिऊन घरी निघालावता,' असं दादाभाऊ म्हणाले होते. एक वाजता मी मुलाला जेवायला वाढून यायला घरी गेले होते. मेथी कोमेजेल म्हणून आत्याबाईंची पिशवी मीच उचलून नेली होती. जाताना शेठना सांगितलंही होतं, "आत्याबाईंची पिशवी नेते हो." आत्याबाईंना सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

संध्याकाळी त्या दुकानात पिशवी न्यायला आल्या. त्यांची पिशवी नव्हतीच. तिच्यासारखी दिसणारी होती.

५

आत्याबाई पडवीत बसल्या होत्या, चष्मा हातात. दहा दिवस त्या अर्धी भाकरी टाकून उठत होत्या. डोळा टोचतो म्हणायच्या. मी डोळ्यात थेंब घालायचे आणि कामाला जायचे.

"आत्याबाई," मी म्हटलं, "साळूमावशींची माळ द्या."

त्यांनी एकदाही 'कसली माळ' असं विचारलं नाही. उठल्या, आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. पिवळी पिशवी घेऊन आल्या. बंदाला मोरपिशी पट्टी. मेथीच्या दोन जुड्या वाळून काळ्या पडल्या होत्या, त्याही त्यांनी तशाच ठेवल्या होत्या. तळाला ब्लाउजपीस आणि त्यात माळ.

"मला वाटलं, माझीच," त्या म्हणाल्या. "घरी येऊन बघते तर आपली मेथी चुलीपाशी निवडून ठिवलेली. मग ही कुणाची? हात घातला तर सोनं. तेवढ्यात समर्थनं मोबाइलवर वाचलं, शेठच्या दुकानातनं माळ गेली. माझी वाचाच बसली बघ."

समर्थ माझा मुलगा. माझ्याच घरात, माझ्याच मुलानं वाचलं होतं.

"तवाच का न्हाई सांगितलं? मी काय खाल्लं असतं तुमाला?"

"तू आलीस तवा तू बी म्हणलीस की, शेठचं आता वय झालं, पैलेसारखी माणसं ऱ्हायली न्हाईत. तुला काय सांगू?"

मी तसं म्हटलं होतं. चप्पल काढता काढता म्हटलं होतं.

"म्हणलं, फुडच्या बाजारी गुपचूप नेऊन ठिवावी कोपऱ्यात," आत्याबाई सांगत होत्या. "पैल्यापासून असंच करत्यात. कुणाची कुणाकडं गेली, फुडच्या बाजारी परत येती. कोण इचारतंय? तर मी नेली की पिशवी! दारापातुर गेले. आन् बघते तर कोपरा मोकळा. एक पिशवी न्हाई. आता मी एकलीच जाऊन तितं पिवळी पिशवी ठिवू? सगळी पेठ बघतीया. चोर म्हणून धरलं असतं मला."

"थोडा वेळ थांबायचं. बाकीच्यांच्या आल्या असत्या."

"सकाळधरनं थांबलेवते मी, समोर पारावर. पैल्यांदा कोळवाडीच्या दोघी आल्या. एकीनं पिशवी ठिवायला हात फुडं केला. मग तिनं तुझ्याकडं बघितलं. तुझा डबा रोज त्या कोपऱ्यातल्या खुंटीला असतोय. त्या दिशी मशीनला व्हता. बाईनं हात मागं घेतला. तिच्या मागनं सगळ्यांनी तसंच केलं."

मी खाली बसले. चोर शोधायला निघाले होते, पण चोर कुणी नव्हताच. पिशवी मी हलवली म्हणून चूक झाली, आणि डबा मी हलवला म्हणून ती चूक परत फिरू शकली नाही. दोन्ही वेळा मी विचारसुद्धा केला नव्हता. नाही, हे खोटं आहे. डबा अडकवताना मी विचार केला होता. माझ्या डब्यात भाकरी आणि ठेचा होता, त्यात चोरण्यासारखं काही नव्हतं, तरी मी तो हलवला होता, चार बायांनी बघावं म्हणून.

"चला," मी म्हटलं. "चपला घाला."

"समद्यांसमोर?"

"समद्यांसमोर."

६

साळुबाईंना फोन करून बोलावलं. त्यांची सून स्नेहल त्यांना गाडीवर घेऊन आली. टेम्पो आधीच लागला होता आणि गेणभाऊ ड्रायव्हर दोरखंड आवळत होता. पेठेतली, चौकातली मिळून पंधरा-वीस माणसं जमली होती, जाणाऱ्या माणसाला बघायला जमतात तशी. शेठ टोपी घालून ओट्यावर उभे होते. शेजारी त्यांच्या पत्नी भंवरीबाई, पदर डोक्यावर घट्ट ओढलेला.

मी पिशवी साळुबाईंच्या हातात दिली आणि मोठ्यानं सांगितलं. एक वाजता काय झालं, पाच वाजता काय झालं, हिरवी पट्टी, जांभळी पट्टी, काळा चष्मा, ट्रंक. आत्याबाई माझ्या शेजारी मान खाली घालून उभ्या होत्या. साळुबाईंनी माळ काढून मणी चाचपले आणि मग माळ मुठीत धरून त्या आत्याबाईंच्या गळ्यात पडल्या. दोघी रडायला लागल्या. मला वाटलं, सुटलो. आता शेठ हसतील, शटर वर जाईल.

"मला माहीत होतं," शेठ म्हणाले.

ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. पीयूषच्या हातातलं खोकं तिथंच राहिलं.

"दुपारी तुम्ही सांगून पिशवी नेलीत, रुपालीताई. संध्याकाळी बयाबाई एक पिशवी घेऊन गेल्या. तेव्हा मी कापड फाडत होतो, ध्यानात आलं नाही. साळुबाई रडत आल्या तेव्हा आलं."

"मग बोललात का न्हाई?" साळुबाईंनी विचारलं.

"काय बोलू? चौकात वीस माणसं उभी होती. बयाबाईंच्या घरी बघा म्हटलं असतं तर त्यांचं नाव गेलं असतं. म्हटलं, एवढ्या वर्षांत किती पिशव्या चुकल्या, सगळ्या परत आल्या. हीही येईल, पुढच्या बाजाराला. रुपालीताईंना दोनदा डोळ्याचं विचारलं. त्यांनी मशीन चालू केलं. तिसऱ्यांदा विचारायची मलाच लाज वाटली."

"शेठ, चुकलं आमचं," मी म्हटलं. "आता सगळ्यांना कळलंय. दुकान उघडा. मी पाया पडते."

"पाया नका पडू."

"मग काय करू ते सांगा."

त्यांनी टोपी सारखी केली. त्यांना राग आला होता हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एकोणीस वर्षांत मी त्यांचा राग बघितला नव्हता, म्हणून ओळखू आला नव्हता.

"तुम्ही आज कोळवाडीला गेलात," ते म्हणाले. "फाट्यावर गेलात. इथं येऊन माझ्या मुलाला विचारलंत, मी पाच हातांवर बसलो होतो. साळुबाई, तुम्ही गेल्या बाजारी दारावरून गेलात. कुणीही एकदा आत यायचं आणि विचारायचं, शेठ, ती पिशवी कुठं असेल हो? एवढंच. एकट्यात विचारलं असतंत तर एकट्यात सांगितलं असतं. मला कुणी विचारलंच नाही."

आम्ही विचारलं नाही ते त्यांचा मान राखायला, असं मी मनाशी धरून होते. तिथं उभी असलेली सगळीच तसं धरून होती बहुतेक. पण ज्याच्यावर विश्वास असतो त्याला माणूस पहिल्यांदा विचारतो. आमचं उत्तर ठरलेलं होतं म्हणून आम्ही प्रश्न विचारला नव्हता.

मी लोकांकडे वळून म्हटलं, "पहिला डबा मी हलवला. ऐकलंत का? कोपऱ्यातून पहिली मी निघाले." माणसं जमिनीकडे बघत राहिली. त्यातल्या प्रत्येकाच्या घरातली बाई त्या बाजारी ओझं घेऊन दुकानावरून गेली होती.

भंवरीबाई आधी टेम्पोत चढल्या, मग शेठ. आत्याबाईंनी पुढं होऊन त्यांना हात जोडले. शेठनीही जोडले आणि म्हणाले, "चष्मा आणखी पंधरा दिवस वापरा. ऊन फार आहे." गेणभाऊनं गाडी चालू केली. ती वेशीपर्यंत दिसली.

मी अजून त्याच ओट्यावर बसते. पीयूषनं फोनवर सांगितलं, मशीन आत ठेवायला किल्ली तुमच्याकडे राहू द्या, पप्पा म्हणतायत. मी किल्ली घेतली नाही, मशीन रोज घरून ढकलत आणते. पहिल्याच बाजाराला खोडदकडची एक बाई ब्लाउजचं कापड घेऊन आली. बंद शटरकडे बघून म्हणाली, "गेलं व्हय शेठ? त्या माळंमुळं गेलं म्हणत्यात. सोन्याला माणूस भुलतो बाई."

मी मशीन थांबवलं. "बसा," म्हटलं, "माळ आमच्या घरात होती." आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, पिशवी कुणी नेली, डबा कुणी हलवला. तिनं ऐकून घेतलं. मग कापडाची घडी करून पिशवीत घातली आणि म्हणाली, "फुडच्या टायमाला देते शिवायला." ती काही परत येणार नाही. तिच्या मागं दुसरी उभी होती, तिनंही तेच विचारलं, आणि मी तिलाही बसायला सांगितलं.